डोंगरकड्याची वाट आणि जुनी फटफटी

नांदेडहून हिंगोलीकडे निघाले की अर्धापूर मागे पडते आणि वारंगाफाट्याच्या अलीकडे डोंगरकडा लागते. कळमनुरी तालुक्यातले हे गाव. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि हे सारे शिवार नव्या हिंगोली जिल्ह्यात आले. जिल्हा हिंगोली असला तरी इथल्या माणसाचा बाजार, दवाखाना आणि लेकरांचे कॉलेज बहुतेक नांदेडलाच. वारंगाफाट्याला रस्ते फुटतात. एक कळमनुरीवरून हिंगोलीला जातो, दुसरा हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ आणि पुढे नागपूर गाठतो. त्यामुळे डोंगरकड्याच्या माणसाला रात्रंदिवस मोठ्या गाड्यांची घरघर ऐकायची सवय आहे.

पण वाचकहो, डांबरी सडकेवरून दिसते ते डोंगरकडा निराळे आणि सडक सोडून आत शिरल्यावर भेटते ते निराळे. इसापूर धरणाच्या कालव्याने या पट्ट्याचे रूप बदलले. पैनगंगेचे पाणी आले तशी केळी आली, ऊस आला, हळद वाढली. अर्धापूर, डोंगरकडा आणि आजूबाजूच्या गावांची केळी ट्रकांनी उत्तरेकडे जाते. भाऊराव चव्हाण साखर कारखान्याचे एक युनिट डोंगरकड्यालाच आहे. वारंगाफाट्याच्या बाजूला तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र आहे. शेजारचा वसमत तालुका हळदीसाठी प्रसिद्ध असून वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. एवढे सगळे खरे. तरीही केळीच्या बागेपर्यंत जायला आजही पांदणच तुडवावी लागते.

ही पांदण कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. उन्हाळ्यात घोट्याएवढा फुफाटा. मृगाचे चार थेंब पडले की त्याच फुफाट्याची मेणासारखी चिकटण. आपली काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते, हा तिचा गुण पिकाला मानवतो, चाकाला मानवत नाही. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये गारा बसला की चाक जागच्या जागी आवळले जाते. मग काडी घ्या, गारा उकरा, दहा पावले ढकला, पुन्हा उकरा. कालव्याच्या भरावावरून जावे तर तिथे खडी उघडी पडलेली. माळाच्या बाजूला वळावे तर मुरूम आणि धोंडे. एका फेरीत तीन जातीची वाट लागते.

माझी नोकरीच अशी की या तिन्ही वाटा रोजच्या. करप्याने केळीची पाने जळायला लागली, हळदीत कंदकूज दिसली, उन्हाळ्याच्या वादळाने बाग आडवी झाली की निरोप येतो. तो निरोप पाऊस थांबायची वाट पाहत नाही. तलाठी आणि ग्रामसेवक यांच्याबरोबर पंचनाम्याला बांधावर उभे राहावे लागते. बांधापर्यंत चारचाकी जात नाही. पायी जावे तर दिवसात दोन शेते होतात. म्हणून फटफटीचा विषय माझ्या दृष्टीने हौसेचा नाही. नांगर, वखर, पंप जसे, तशी ही गाडी.

राजदूतपासून आजवर

आपल्या भागात फटफटी म्हटले की जुन्या माणसांना राजदूत आठवते. एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ पासून ती विकायला काढली. मूळ नमुना पोलंड देशाचा. वजनाला दणकट, दुधाच्या कॅनी दोन्ही बाजूंना लटकवा, मागे माणूस बसवा, ती कुरकुरत नसे. म्हैसूरच्या कारखान्यातून जावा आणि पुढे येझदी आली. १९८५ साली चार स्ट्रोकची हिरो होंडा सीडी १०० आली आणि पेट्रोलचा हिशेब बदलला. त्याच साली यामाहाची आरएक्स १०० आली. १९९४ पासून स्प्लेंडर घरोघर झाली.

या साऱ्या गाड्या मुळात सडकेसाठी बनलेल्या. आपण त्या शेतात घातल्या आणि त्यांनी निभावून नेले. सडक आणि रान दोन्हींसाठी म्हणून जी गाडी बनते, ती जात जगात १९६८ नंतर फोफावली. त्या साली जपानच्या यामाहाने २५० सीसीची डीटी-१ काढली आणि एकाच गाडीवर गावात आणि डोंगरात फिरता येते हे लोकांना पटले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर खास शेतकऱ्यांसाठी गाड्या निघाल्या. त्यांची चेन पूर्ण झाकलेली, पुढे आणि मागे दोन्हीकडे कॅरिअर, आणि स्टँडही दोन्ही बाजूंना, कारण उतारावर गाडी कोणत्या कडेला टेकवावी लागेल याचा नेम नाही. मेंढ्यांमागे फिरणाऱ्या माणसाची गरज पाहून केलेली ती रचना.

आपल्याकडे मोठ्या कंपनीची अशी गाडी यायला २०११ साल उजाडले. हिरोने त्या साली इंपल्स नावाची १५० सीसीची गाडी काढली. सुमारे १३ अश्वशक्ती, पुढचे चाक १९ इंची, मागचे १७ इंची, उंच मडगार्ड, लांब शॉकअप. खप बेताचाच झाला आणि काही वर्षांत ती बंद पडली. पुढे २०१९ साली त्याच कंपनीची एक्सपल्स २०० आली, पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची चाकाची. माझ्याकडे आहे ती २०१२ सालची इंपल्स. उंच मडगार्डमुळे तिच्या चाकात गारा अडकत नाही, हा एक गुण डोंगरकड्याच्या पांदणीत लाख मोलाचा.

"साहेब, ही जुनी गाडी कामून वापरायलाव? नवी घ्या की एखादी," असे बांधावरचे मामालोक मला नेहमी म्हणतात. त्यांच्या दारातही दहा-बारा वर्षांची गाडी उभी असते आणि तेही त्याच विचारात असतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो. उत्तर इंपल्सपुरते नाही. कोणत्याही जुन्या गाडीला ते लागू पडते.

हप्ता महिन्याला, पैसा हंगामाला

नवी गाडी घरात येते ती बहुधा हप्त्यावर. हप्ता दर महिन्याला येतो. आपला पैसा मात्र हंगामाला येतो. हळद विकली की, केळीची काटणी झाली की, कारखान्याचे बिल जमा झाले की. मधल्या महिन्यांत हप्ता भरायला हातउसने करावे लागतात. सोयाबीनचा भाव पडला किंवा वादळात बाग गेली की गाडीचा हप्ता खताच्या पैशातून जातो. हे मी अनेक घरांत पाहिले आहे. जुनी गाडी नीट राखली तर दर वर्षीचा खर्च थोडा असतो आणि तो आपल्या सोयीच्या वेळी करता येतो. म्हणून गाडी विकण्यापूर्वी ती खरोखर म्हातारी झाली आहे की नुसती दुर्लक्षाने आजारी आहे, हे पाहावे.

ज्यांच्याकडे मी गाडी नेतो ते मिस्त्री एकदा फार नेमके बोलले. "साहेब, लोखंड शाबूत राहतंय. मरतंय ते रबर." विचार केला तर जुन्या गाडीच्या तक्रारींत निम्म्या तक्रारी रबराच्या असतात. फोर्कचे ऑइल सील, पेट्रोलची नळी, कार्बोरेटरच्या आतील रिंगा, इंजिनचे पॅकिंग, चाकातील डॅम्पर रबर, स्विंग आर्मचे बुश. एकेक वस्तू स्वस्त. पण एक सील गेले की तेल गळते, तेल गळाले की महागाचा भाग झिजतो.

मृगापूर्वीची मशागत

पेरणीपूर्वी जमीन तयार करतो तशी मृगापूर्वी गाडी तयार करावी. मे महिन्यातला एक दिवस त्याला पुरे.

पहिले काम एअर फिल्टरचे. उन्हाळाभर फुफाट्यात फिरलेल्या गाडीचे फिल्टर गच्च भरलेले असते. ते स्पंजाचे असेल तर साबणाच्या पाण्याने धुवून, सावलीत पूर्ण वाळवून, तेलाचा हात देऊन बसवावे. कागदाचे असेल तर धुवू नये, बदलावे. फिल्टर काढून टाकून गाडी चालवणे म्हणजे इंजिनात वाळू टाकणे होय. गाडी जोरात पळते असे दोन दिवस वाटते, मग धूर सुरू होतो.

दुसरे काम चेनचे. चिखल वाळला की तो कानशीसारखा चेन खातो. चेन रॉकेलच्या फडक्याने किंवा डिझेलच्या ब्रशने पुसावी, कोरडी करावी आणि ९० नंबरचे गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंब थेंब सोडावे. जास्त तेल ओतले तर धूळ उलट जास्त धरते. चेन किती सैल हवी हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते, ते पाहावे. लांब शॉकअपच्या गाडीला चेन सडकेच्या गाडीपेक्षा जरा जास्त सैल लागते, कारण खड्ड्यात चाक खालीवर जाताना चेन ताणली जाते. फार आवळली तर चेन आणि गिअरबॉक्सचे बेअरिंग दोन्ही जातात. चाकीचे दात एका बाजूला वाकून हुकासारखे झाले असतील तर चेन आणि दोन्ही चाक्या एकदम बदलाव्यात. जुन्या चाकीवर नवी चेन घातली तर ती लवकरच जुनी होते.

तिसरे काम पुढच्या फोर्कचे. फोर्कच्या चकचकीत नळीवर चिखल वाळू देऊ नये. तो सील कापतो. शेतातून आल्यावर ओल्या फडक्याने नळी पुसायला अर्धा मिनिट लागतो. घरातील पोरासोरांना हे काम लावून द्यावे. नळीवर रबरी मोजे चढवून घेतले तर आणखी बरे. फोर्कमधले तेलही जुने होते, ते दोन वर्षांनी बदलून घ्यावे. हँडल वळवताना मध्ये अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट गेला असे समजावे.

चौथे काम मागच्या शॉकअपचे आणि स्विंग आर्मचे. गाडी मधल्या स्टँडवर किंवा विटांवर उचलून मागचे चाक डावी-उजवीकडे हलवून पाहावे. खडखड आली तर बुश झिजले. वर्षातून एकदा तो बोल्ट काढून, पुसून, ग्रीस लावून घालावा. तसे केले नाही तर तो बोल्ट गंजून असा बसतो की घणाशिवाय निघत नाही.

पाचवे काम स्पोकचे. चाक फिरवत प्रत्येक स्पोकवर पान्याने हलकेच टिचकी मारावी. ताठ असेल तर टण् आवाज येतो, ढिला असेल तर ठप्प. बैलगाडीच्या चाकाचे आरे पाहायची आपल्या बापजाद्यांची रीत हीच. दोन-चार स्पोक ढिले राहिले तर बाकीच्यांवर भार येऊन ते तुटतात आणि रिम वाकडी होते.

सहावे काम ब्रेकचे. मागच्या ड्रममध्ये चिखलपाणी शिरते. तो उघडून कोरडा पुसावा, शूज पाहावेत आणि ब्रेकच्या कॅमला ग्रीसचे बोट लावावे. शूजवर ग्रीस लागू देऊ नये. पुढे डिस्क असेल तर तिचे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून दोन वर्षांनी बदलावे.

इंजिन ऑइलविषयी एकच गोष्ट बजावून सांगतो. मोटरसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. म्हणून ट्रॅक्टरचे उरलेले तेल फटफटीत घालू नये, क्लच घसरू लागतो. पुस्तकात दिलेल्या नंबरचे मोटरसायकलचेच तेल घालावे. शेतात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी जास्त तापते, तेव्हा कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या थोडे आधीच तेल बदलणे शहाणपणाचे.

आपल्याच उसाचे पेट्रोल

आता एक नवी गोष्ट. डोंगरकड्याच्या रस्त्याने गाळपाच्या दिवसांत उसाच्या गाड्यांची रांग लागते. देशभरच्या अशा उसातूनच पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलचा मोठा हिस्सा येतो. हल्ली मका आणि तांदूळ यांपासूनही बरेच इथेनॉल होते. आपल्या देशात याचा पहिला प्रयोग २००१ साली झाला आणि त्यात आपल्या महाराष्ट्रातले मिरज आणि मनमाड होते. तेव्हा मिश्रण ५ टक्के होते. २०२२ साली ते १० टक्क्यांवर गेले. २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांचे पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि २०२५ साली ते सर्वत्र पसरले. म्हणजे आज टाकीत ५ लिटर पेट्रोल भरले तर त्यात १ लिटर इथेनॉल असते. एक टन उसाच्या रसापासून थेट इथेनॉल केले तर सुमारे ७० लिटर मिळते, यावरून अंदाज यावा.

ऊस उत्पादकाला यातून आधार मिळाला, हे चांगलेच झाले. पण त्याच ऊस उत्पादकाच्या दारातली जुनी गाडी १० टक्क्यांच्या किंवा त्याहून जुन्या काळातली असते. २०२३ च्या एप्रिलपासून बनलेल्या गाड्यांचे रबर आणि इतर भाग २० टक्के इथेनॉल सोसतील असे बनवले जातात. त्याआधीच्या गाड्यांची आपण काळजी घ्यावी लागते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पण माहिती हवी.

पहिली बाब अॅव्हरेजची. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच उष्णता असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धर्तीच्या दुचाकींचे अॅव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी कमी होईल असा अंदाज दिला आहे. ५० किलोमीटर देणारी गाडी ४८ देईल. त्याहून फार जास्त घट आली तर दोष पेट्रोलवर न ढकलता प्लग, फिल्टर, ब्रेक आणि टायरची हवा तपासावी.

दुसरी बाब रबराची. जुन्या पेट्रोल नळ्या आणि कार्बोरेटरच्या रिंगा इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. नळी बोटांनी वाकवून पाहावी. भेगा दिसल्या, बोटाला चिकट काळे लागले किंवा पेट्रोलचा वास येऊ लागला तर लगेच बदलावी. नवी नळी घेताना इथेनॉल चालणारी मागावी. गरम इंजिनावर पेट्रोलचा थेंब पडणे हे थट्टेचे काम नाही.

तिसरी बाब पाण्याची. इथेनॉल ओलावा ओढून घेते. थोडे पाणी ते पोटात घेऊन इंजिनातून जाळून टाकते, पण पाणी जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात. मग पत्र्याची टाकी आतून गंजते आणि गाडी सकाळी सुरू होत नाही. यावर उपाय साधे. टाकीच्या झाकणाचे रबर चांगले ठेवावे. गाडी पावसात अंगणात उभी राहत असेल तर टाकीवर पोते न टाकता प्लॅस्टिकचा कागद टाकावा, पोते ओले राहते. गाडी महिनाभर वापरायची नसेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडावा आणि आतले पेट्रोल काढून घ्यावे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा हा स्क्रू सोडून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन पाहिले तर तळाशी पाणी आहे की नाही ते कळते. हे काम चुलीपासून लांब, इंजिन थंड असताना करावे. आणि घरात प्लॅस्टिकच्या बाटल्यांत पेट्रोल साठवू नये.

सुधारणा कोणत्या, थाट कोणता

जुनी गाडी राखायची म्हटले की तरुण मुलांच्या डोक्यात निरनिराळ्या कल्पना येतात. इंपल्समध्ये करिझ्माचे २२३ सीसीचे इंजिन बसवणारे हौशी लोक आहेत. गाडी पळते, यात शंका नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल परस्पर करता येत नाही. पुढे अपघात झाला तर विम्याचा वाद उभा राहतो. फाटक्या आवाजाच्या सायलेन्सरचेही तेच. त्याने गोठ्यातली जनावरे बुजतात आणि पोलिसांची पावती वेगळी.

सुधारणा करायची ती वाटेने मागितलेली करावी. डोंगरकड्याच्या वाटेने मला चार सुधारणा शिकवल्या.

टायर: अगदी मोठ्या गुट्ट्यांचे टायर चिखलात छान चालतात, पण ओल्या डांबरावर धरत नाहीत आणि सडकेवर लवकर झिजतात. आपल्याला नांदेडलाही जायचे असते. म्हणून मध्यम खाचांचे, दोन्हीकडे चालणारे टायर घ्यावेत. चिखलात हवा थोडी कमी केली तर पकड वाढते, पण ट्यूबच्या टायरात ती फार कमी केली तर ट्यूब रिममध्ये चिमटून फाटते. सडकेवर येताच हवा पुन्हा पुरी भरावी.

खालचा पत्रा: कालव्याच्या खडीवर आणि माळाच्या धोंड्यांवर इंजिनाचा तळ आपटतो. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून जाड पत्र्याचे कवच करून घेता येते. त्यात तेल सोडायच्या बोल्टला भोक ठेवावे आणि पुढून हवा लागू द्यावी, कारण इंजिन हवेनेच थंड होते.

हाताचे कवच: उसाच्या फडातून जाताना पात्यांनी बोटांची सालटी निघतात. हँडलला प्लॅस्टिकचे कवच बसवले की बोटेही वाचतात आणि गाडी पडली तर क्लचचा दांडाही वाचतो.

उजेड: गाळपाच्या दिवसांत रात्री उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या रस्त्यावर असतात. कित्येकांना मागे लाल दिवा नसतो. सडकेवर उसाची कांडकीही सांडलेली असतात, त्यावरून चाक घसरते. म्हणून दिव्याची काच स्वच्छ, बल्ब चांगला आणि वायरिंगची जोड पक्की हवी. समोरच्याचे डोळे दिपतील असे दिवे मात्र लावू नयेत. जुन्या गाडीची वीज बेताची असते, जास्त दिवे लावले की बॅटरी बसते. ट्रॉलीवाल्यांनी मागे चमकणारी पट्टी लावावी, ही याच निमित्ताने विनंती. बैलगाडीलाही ती लावता येते. एवढीशी पट्टी कोणाच्या तरी घरचा कर्ता वाचवते.

याशिवाय साडी गार्ड आणि मागे बसणाऱ्याचे पायदान काढून टाकू नये. ते कायद्याने लागते आणि घरातील बायामाणसांच्या जिवासाठीही लागते. अशा गाड्यांची सीट उंच असते, तेव्हा बसताना-उतरताना गाडी घट्ट धरून उभी करावी. आणि एक सुचवितो. प्लग बदलणे, चेनला तेल देणे, हवा पाहणे ही कामे मुलांबरोबर मुलींनाही शिकवावीत. आज आशाताई, बचत गटाच्या ताई आणि कॉलेजच्या मुली स्वतः गाडी चालवतात. वाटेत गाडी बंद पडली तर त्यांना कोणाची वाट पाहावी लागू नये.

सुटे भाग आणि कागद

बंद झालेल्या गाडीला सुटे भाग मिळतील का, ही खरी चिंता. यात एक युक्ती आहे. कंपन्या एकच इंजिन अनेक गाड्यांना वापरतात. इंपल्सचे इंजिन हंक, सीबीझेड एक्स्ट्रीम आणि अचीव्हर या गाड्यांच्या इंजिनाच्या घराण्यातले आहे. म्हणून प्लग, क्लच प्लेटा, पिस्टन यांची सोय होते. अडचण येते ती तिच्या खास भागांची, म्हणजे मागचा शॉकअप, प्लॅस्टिकचे भाग, टाकी. असे भाग जपावेत आणि कोणी भंगारात गाडी काढत असेल तर पावतीसह घेऊन ठेवावेत.

दुसरी चिंता कागदांची. गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच पाच वर्षांनी वाढवून घेता येते. २०२२ च्या एप्रिलपासून मोटरसायकलच्या नूतनीकरणाची फी १,००० रुपये झाली आणि २०२५ साली वीस वर्षांवरील मोटरसायकलसाठी ती २,००० रुपये केली गेली. पर्यावरण कर निराळा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा पाटीही बसवावी लागते. विमा आणि पीयूसी चालू हवेच. "शेतातच तर फिरवायलाव, कशाला कागद?" असे म्हणून चालत नाही. शेतात जायला सडक ओलांडावीच लागते, आणि अपघात झाला तर कागदाअभावी घराची होळी होते. माझ्या गाडीची मुदत २०२७ साली संपते. तिचे नूतनीकरण करायचे मी ठरवले आहे.

गाडी कधी सोडावी, हेही सांगितले पाहिजे. चेसीला तडा गेला असेल, इंजिन उघडूनही धूर थांबत नसेल, ब्रेकचे भाग मिळेनासे झाले असतील किंवा एका दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर मोह सोडावा. नोंदणी रद्द करून घेतल्याशिवाय मात्र गाडी भंगारात देऊ नये. आपल्या नावावरची गाडी दुसऱ्याच्या हातून कुठे वापरली जाईल याचा भरवसा नसतो.

बाकी गाडी धडधाकट असेल तर या वर्षीच्या मे महिन्यात एक रविवार तिच्यासाठी राखून ठेवा. फिल्टर, चेन, फोर्क, बुश, स्पोक, ब्रेक, तेल आणि पेट्रोलची नळी, एवढी आठ नावे वहीत लिहा आणि एकेकासमोर तारीख टाका. पुढच्या वर्षी तीच वही उघडा. खताची आणि फवारणीची नोंद ठेवतो त्याच वहीत गाडीचे एक पान असू द्या. वैशाखात केळी वाऱ्याने पडली किंवा रात्री-बेरात्री घरचे कोणी आजारी पडले, तर डोंगरकड्याच्या पांदणीतून सडकेपर्यंत न्यायला दारात उभी असते ती हीच गाडी. तिने पहिल्या किकला सुरू व्हावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा, आणि त्यासाठी वर्षातला एक रविवार काही जास्त नाही.